अस्मिताचा तिसरा प्रयत्न

माझी पायपेटी जिन्यात अडकली, त्या दिवशी अस्मिता सोनावणेने मला पहिला धक्का दिला.

आमची नाटक कंपनी बंद पडल्याला जमाना झाला. तिचं उरलंसुरलं सामान गिरगावातल्या एका गोदामात धूळ खात होतं. गोदाम पाडायला निघालं तेव्हा कंपनीच्या मालकांच्या नातवाचा फोन आला, "मीराताई, तुमच्या पदांना साथ करायचा तो ऑर्गन आहे अजून. हवाय का?" हवाय का म्हणजे काय? ज्या सुरांना धरून मी उमेदीची सगळी वर्षं रंगमंचावर उभी राहिले, ते भंगारात जाऊ देऊ? टेम्पोने पेटी मुलुंडला आली आणि नेमकी आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्तीला निघालेली. दोन हमालांनी ती पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत कशीबशी चढवली. मग त्यातला एक पायरीवर बसला, तो उठेचना.

खालून एक बाई आली. पंजाबी ड्रेस, हातात डब्याची पिशवी, कपाळावर घाम. चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेलं जोडपं होतं, त्यातली ही, एवढंच मला माहीत होतं.

"मावशी, ही पेटी आहे की कपाट?"

"पायपेटी आहे बाई. ऑर्गन. तू जरा थांब, हे लोक बाजूला घेतील."

"हे लोक आता काही घेत नाहीत," ती म्हणाली आणि डब्याची पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही वर जाऊन दार उघडा."

पेटी उचलताना तुमच्या-माझ्यासारखं माणूस वाकतं. ती वाकली नाही. पाय रोवून, पाठ ताठ ठेवून खाली बसली आणि बसल्याची उभी राहिली, तेव्हा पेटीचं एक टोक तिच्या हातांत होतं. बसलेला हमाल लाजून उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं. मी आयुष्यभर पुठ्ठ्याच्या गदा आणि कापूस भरलेले दंड पाहिलेली बाई. प्रेक्षक ज्यांना बघून टाळ्या पिटायचे, त्या भीमांना विंगेत पाण्याची बादली जड व्हायची. खरी ताकद इतक्या जवळून, तीही डब्याची पिशवी धरणाऱ्या हातांत, मी पहिल्यांदाच पाहत होते. दार उघडायचंही विसरले.

"मावशी, किल्ली," ती शांतपणे म्हणाली. धापसुद्धा लागली नव्हती.

तेव्हापासून ती माझ्याकडे येऊ लागली. घाटकोपरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. वय त्रेचाळीस. नवरा निलेश कुरियर कंपनीत, स्वभावाने गमत्या आणि स्वयंपाकात तिच्यापेक्षा सरस. घरात दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली, टीव्हीच्या शेजारी, अस्मिताची वेटलिफ्टिंगची जुनी पदकं. ती पाहून मी चाट पडले.

तिचे वडील वाशीमकडचे. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात लागले आणि तिथेच वस्तीत राहिले. मुलगी चौदाव्या वर्षी गल्लीतल्या मुलांना लोळवू लागली, तेव्हा तक्रारींना कंटाळून त्यांनी तिला मार्तंड साळव्यांच्या व्यायामशाळेत नेऊन उभं केलं. हे मार्तंड उस्ताद मालवणकडचे. त्यांच्या शाळेत तोवर मुलगी आली नव्हती. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं, वजनांचा एक लोखंडी बार दाखवला आणि म्हणाले, "उचल गो." तिने उचलला. कोनाड्यातल्या मारुतीला नमस्कार करायची तिथली रीत. ही बारला नमस्कार करायची. कोणीतरी कुरकुर केली, तर उस्ताद म्हणाले, "बारक नमस्कार केल्यान, म्हणजे मारुतीक पोचलो."

एकोणिसाव्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली. त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगाचा झटका आला. ती गेली नाही, पुढे गेलीच नाही. नोकरी, लग्न, आजारपणं. मग मागच्या वर्षी ऋता नावाची एक तरुण प्रशिक्षक शाळेत मुलांना व्यायामावर चार शब्द सांगायला आली आणि तिने प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट सरकवणाऱ्या अस्मिताला पाहिलं. "ताई, ही उचल कुठे शिकलात?" इथून पुन्हा सुरुवात झाली. प्रौढांच्या वेटलिफ्टिंगसाठी जिल्ह्याची निवड चाचणी दिवाळीच्या आधी होती. तिच्या वजनी गटातून दोघी जणी राज्य स्पर्धेला जाणार होत्या.

"एकदाच खेळायची आहे मावशी. राज्याची. राहून गेलेलं जेवण असतं ना, तसं वाटतं ते."

मी म्हणाले, "जेव पोटभर."

भाद्रपद सरता सरता ऋताने जिममध्ये एक रंगीत तालीम ठेवली. अस्मिता मला म्हणाली, "तुम्ही चला. माणसांसमोर उचलायची सवय मोडलीये माझी." प्रेक्षक म्हणून बोलावणं आलं की आमच्यासारख्यांना नकार देता येत नाही. मी चांगली नारायणपेठ नेसून घाटकोपरला गेले. ऋता केस बारीक कापलेली, बोलायला फटकळ, पण अस्मिताच्या मनगटाला पट्टी बांधताना हात आईसारखा.

आधी रिकामा बार, मग चाळीस किलो. मग पन्नास. जमिनीवरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून डोक्यावर. हे वजन ती उन्हाळ्यात गप्पा मारत उचलायची, असं ऋता मला कौतुकाने सांगत होती आणि तेवढ्यात बार समोर धाडकन पडला. फरशी हादरली.

"होतं असं," ऋता म्हणाली. "ताई, परत."

परत पडला. तिसऱ्या वेळी तो खांद्यापर्यंतही पोचला नाही. अस्मिता गुडघ्यांवर हात ठेवून त्या बारकडे बघत राहिली, जणू ओळखीच्या माणसाने भर रस्त्यात ओळख नाकारली होती.

ऋताचा चेहरा पांढरा पडला. "ताई, झोपता ना? जेवता?"

"हो."

"दुसरं काही करत नाही ना? झुंबा, योगा, काही?"

"नाही गं."

ऋता मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, हे होऊच शकत नाही. मागचा अख्खा आठवडा मी तिचं काम निम्म्यावर आणलं होतं. आज ती उडायला हवी होती यार. माझी तर वाट लागली. कुठे चुकले मी?"

परत येताना रिक्षात अस्मिता डोळे मिटून बसली. मग मला गेल्या काही आठवड्यांतल्या गोष्टी आठवू लागल्या. चहा ओतताना तिचा हात थरथरायचा. निलेश म्हणाला होता, "मावशी, ही रात्रभर कूस बदलते आणि सकाळी माझ्यावर खेकसते. पोहेसुद्धा अर्धे टाकते, माझे पोहे!" शाळेत तिच्या हातून काचेचं पात्र फुटलं होतं. मी ते सगळं वयावर ढकललं होतं.

चार दिवसांनी मला आणखी एक बोलावणं आलं. मार्तंड उस्तादांच्या व्यायामशाळेत दसऱ्याला बार आणि वजनांची पूजा होते, त्या पूजेला यंदा जुनी नाट्यकलावंत म्हणून मला पाहुणी न्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्याआधी जागा पाहून यावी म्हणून मी संध्याकाळी कांजूरमार्गला गेले. पत्र्याची लांबट खोली, भिंतीला आरसे, कोनाड्यात मारुती. आणि आरशात मला दिसली अस्मिता. शाळेतून परस्पर आलेली, केस घट्ट बांधलेले, पकड सुटू नये म्हणून हातांना खडूची पूड. समोर ऐंशीला टेकलेले उस्ताद खुर्चीवर काठी टेकून बसलेले.

"आजचा मोठा वजन काढ गो," ते म्हणाले.

तिने बार उचलला, तिची नजर आरशात माझ्यावर पडली आणि बार सुटला.

नाटकात अशा जागी वादक एक तीव्र सूर धरून ठेवतात. इथे नुसता पंख्याचा आवाज होता. मी तिला बाहेर पायरीवर नेलं.

"कधीपासून?"

"ऋताकडे सुरू केलं, त्याच महिन्यापासून." ती मान वर करत नव्हती. "उस्तादांना कळलं, मी परत उचलतेय. त्यांनी माझा बार अजून वेगळा ठेवला होता मावशी. दुसऱ्या कुणाला लावू दिला नव्हता. म्हणाले, उद्यापासून ये. कसं नाही म्हणू?"

"आणि ऋताला?"

"तिला कसं सांगू? जिथे जिथे गेले तिथे सगळे म्हणाले, ताई, या वयात ट्रेडमिल करा. ती एकटी म्हणाली, वजन उचला. तिला वाटेल, माझ्यावर विश्वास नाही."

"म्हणून दोघांचं सगळं करतेस."

"दोघंही चांगलं शिकवतात ना," ती म्हणाली, आणि हे इतक्या भाबडेपणाने म्हणाली की मला रागावताच आलं नाही.

भीड. आपल्याकडे ही माणसाला कशी खाते ते मी जन्मभर पाहिलं आहे. पाहुण्याने वाढलेला चौथा लाडू आपण भिडेपोटी खातो, तसे ही किलो खात होती. मी दोघांना एकत्र बसवायचं ठरवलं. अस्मिताने हात जोडले, "नको मावशी, माझी लाज जाईल." मी म्हटलं, "लाज गेली तर परत येते. खांदा गेला तर?"

रविवारी दुपारी माझ्या बैठकीत प्रवेश मांडला. पायपेटीच्या डाव्या अंगाला उस्ताद, पांढऱ्याशुभ्र शर्टात. उजव्या अंगाला ऋता. मधल्या स्टुलावर अस्मिता, आरोपीसारखी. निलेशने सगळ्यांना भजी दिली आणि स्वतः दारात उभा राहिला. "मी इथेच बरा," म्हणाला, "पळायला सोपं."

"आता दोघांनी एकमेकांना सांगायचं," मी म्हणाले, "की तुम्ही हिच्याकडून काय करून घेता. मध्ये कोणी बोलायचं नाही."

ऋता आधी बोलली. आठवड्यातून तीन सकाळी. एक दिवस जड वजन, पण उचली थोड्या. एक दिवस मध्यम वजन आणि उचली भरपूर. तिसरा दिवस हलका. असं तीन आठवडे चढत न्यायचं आणि चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं करायचं, म्हणजे अंगाला ते पचतं.

उस्ताद ऐकत होते. मान डोलावत होते. "बरोबर असा," ते म्हणाले, आणि मी चकित झाले. मला वाटलं होतं, आता वाजणार. "पोरीचा गणित बरोबर असा. माझा येगळा. रविवार सोडून रोज संध्याकाळी. उचली दोन-चारच, जास्त नाय. पण त्यातली एक त्या दिवसाची सगळ्यात मोठी. रोज मोठा वजन बघला की भीती जाता."

आता ऋताने मान डोलावली. "हेही चालतं. जगभर करतात असं. उचली कमी ठेवल्या तर रोज जड चालतं."

म्हणजे दोघंही बरोबर होते. माझ्या मनात नाही म्हटलं तरी एक खलनायक तयार होता, जुना हट्टी किंवा नवी उद्धट. दोन्ही भूमिका रिकाम्या राहिल्या. दोन चांगल्या माणसांनी दोन चांगली औषधं दिली होती आणि हिने दोन्ही बाटल्या एकदम घेतल्या होत्या.

"थांबा," ऋता हळूच म्हणाली. "मी काम निम्मं करते त्या आठवड्यात ताई काय करतात?"

मग अस्मिताच म्हणाली, "तेव्हा जरा बरं वाटायचं. म्हणून उस्तादांकडे आणखी दोन-तीन मोठ्या करायचे."

"आणि मी रविवारी सुट्टी देतंय ती?" उस्तादांनी विचारलं.

"रविवारी सकाळी ऋताचा भरपूर उचलींचा दिवस असतो."

उस्तादांची काठी हातातून निसटली. ती उचलायचं कुणाला सुचलं नाही. ऋताने दोन्ही हात तोंडावर धरले होते. एकीची विश्रांती दुसऱ्याच्या कामात गेली होती आणि दुसऱ्याची सुट्टी एकीच्या. इतक्या महिन्यांत या बाईच्या अंगाला एक दिवस रिकामा मिळाला नव्हता.

"रोज मोठा काढ म्हणून मी ओरडत होतंय हिच्यावर," म्हातारा पुटपुटला. "हात थरथरत होते तरी. माका वाटला, आळस करता."

मग जे झालं ते मी रंगमंचावर कधी पाहिलं नव्हतं. तिथे माणसं हक्कासाठी भांडतात. इथे उस्ताद म्हणाले, "तू हिच्याकडेच जा गो, माझा झाला." ऋता म्हणाली, "छे, तुम्ही घडवलंय तिला, मी बाजूला होते." उस्ताद म्हणाले, "तुझा शिक्षण झालेला." ऋता म्हणाली, "तुमचा अनुभव आहे." सोडून द्यायची अशी चढाओढ. निलेश दारातून म्हणाला, "अगं, कुणी घेत नसेल तर मी घेतो तुला परत." अस्मिता हसता हसता रडायला लागली.

"तूच सांग," मी म्हणाले. "कुणाचं?"

भजी गार झाली. शेवटी पायपेटीकडे बघत ती म्हणाली, "ऋताचं." आणि लगेच उस्तादांकडे पाहिलं, मार खायला तयार असल्यासारखं.

उस्तादांनी डोळे पुसले. "मग आता हिने काय करूचा?" त्यांनी ऋतालाच विचारलं.

"आता? जवळजवळ काही नाही. आठवड्याला दोनदा, हलकं वजन, मोजक्या उचली. चाचणीआधी एकदाच थोडं जड."

अस्मिता ताडकन उठली. "चाचणी तोंडावर आली आणि काही नाही? सगळं जाईल गं माझं!"

मला आमच्या कंपनीतल्या थोरल्या बाई आठवल्या. लोक पदाला वन्स मोअर देत, तेव्हा त्या कधी घेत, कधी नुसतं हसून पुढचं वाक्य बोलत. मी नवखी होते, विचारलं, "लोक एवढे मागतात, तरी का नाही?" तर म्हणाल्या, "सगळं पहिल्या अंकात दिलंस तर तिसऱ्यात काय देशील?" मी हे अस्मिताला सांगितलं. तिला किती पटलं कोण जाणे. पण उस्ताद म्हणाले, "तू रोज माझ्याकडे ये. सवय मोडूची नाय. येवन बस. चा पी. बारक हात लावलंस तर काठी."

आणि ती जात राहिली. मध्ये दसऱ्याला मी पूजेला गेले. बारला झेंडूच्या माळा होत्या, उस्ताद सगळ्यांना प्रसाद वाटत होते आणि अस्मिता भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेले तर ती चक्क झोपली होती. इतक्या ढोल-ताशात! निलेशने पुढे आनंदाची बातमी दिली, "मावशी, पोहे संपवते आता. माझ्या वाटचेपण."

चाचणी भांडुपच्या एका सभागृहात होती. उस्ताद, ऋता, निलेश आणि मांडीवर तिची डब्याची पिशवी घेऊन मी, पुढच्याच रांगेत. तिच्या गटात चौघी होत्या. स्पर्धेचा पहिला प्रकार, बार एका दमात डोक्यावर न्यायचा, तिने सांभाळून पार पाडला होता, सगळं आता दुसऱ्यावर, खांद्यावर घेऊन मग वर नेण्यावर होतं. प्रत्येकीला तीन प्रयत्न. सुरुवातीचं वजन आपण सांगायचं आणि एकदा बार लावला की नंतर त्यावरचं वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही.

ऋता म्हणाली, "बावन्नने सुरू करू." उस्ताद म्हणाले, "अठ्ठावन्न. एकदाच दाखव." दोघं एकमेकांकडे बघायला लागले. अस्मिता उठून पंचांच्या टेबलाकडे गेली. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काही दिसेना.

लाऊडस्पीकरवर आलं, "अस्मिता सोनावणे, पन्नास किलो."

"पन्नास?" ऋता माझ्या कानात म्हणाली. "एवढं खाली? आणि तोच आकडा? मावशी, त्याच वजनाने पाडलं होतं तिला."

अस्मिता बारसमोर उभी राहिली, वाकून त्याला नमस्कार केला आणि उचलला. वर गेला. इतका सहज की मागच्या रांगेतली मंडळी हसली. तिने बार खाली ठेवला आणि आमच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्यांदा तिने छप्पन्न मागितले. हे जड गेलं. खांद्यावर घेऊन ती उठताना मध्येच थांबली, आणि उस्ताद आणि ऋता दोघांनी एकदम तोंड उघडलं, दोन वेगवेगळे सल्ले ओरडायला. मी दोघांचे हात दाबले. ती उठली. श्वास घेतला. बार डोक्यावर गेला, पाय जुळले, उचल मान्य झाल्याचे पंचांचे पांढरे दिवे लागले.

ऋताने पटकन फळा पाहिला. गटातली एक जण सगळ्यांच्या पुढे होती. उरलेल्या दोघींचे तिन्ही प्रयत्न संपले होते आणि दोघी अस्मिताच्या मागे होत्या. म्हणजे दुसरी जागा तिची. राज्य स्पर्धेला ती जाणार, हे ठरलं. निलेश खुर्चीवर चढला होता. आणि मी, ऐंशीच्या घरातली बाई, माझ्याही नकळत उभी राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वन्स मोअर!"

लोकांनी ते उचललं. वन्स मोअर, वन्स मोअर. तिसरा प्रयत्न बाकीच होता. उस्ताद बोटांनी साठ दाखवत होते, तरुणपणी ती उचलायची ते वजन. ऋताचीही मान होकारार्थी हलत होती. तिची दोन गुरुपीठं पहिल्यांदाच एका आकड्यावर आली होती.

अस्मिता पंचांच्या टेबलाकडे गेली. दोन शब्द बोलली. पंचाने तिच्याकडे बघितलं, पुन्हा विचारलं, तिने मान हलवली. मग लाऊडस्पीकरवर आलं की अस्मिता सोनावणे तिसरा प्रयत्न करणार नाहीत.

उस्तादांची बोटं हवेतच राहिली. ऋता म्हणाली, "काय?"

ती हातांची खडूची पूड झटकत आमच्याकडे आली. उस्तादांच्या पाया पडली, ऋताला मिठी मारली.

"नको म्हटलं," ती म्हणाली. "आजचं झालं. साठ राज्याच्या वेळी."

"पण अंगात होता गो तुझ्या," उस्ताद म्हणाले.

"होतं उस्ताद," ती म्हणाली. "आहे अजून." मग माझ्या हातातली तिची डब्याची पिशवी घेतली, उघडली आणि तिथेच उभ्या उभ्या पोहे खायला लागली.